खाण आधी, गाव मग, तळी शेवटी : बान्स्का श्त्यावनित्साला जायचं तर

स्लोवाकियाला जाणारी आपली मंडळी बहुधा व्हिएन्नाहून एका दिवसासाठी ब्रातिस्लावात डोकावतात, फार तर उंच ताट्राच्या डोंगरांकडे वळतात आणि परत फिरतात. या दोन्हींच्या मधे, श्त्यावनित्सा डोंगररांगेत बान्स्का श्त्यावनित्सा नावाचं गाव आहे. वस्ती आज जेमतेम दहा हजार. अठराव्या शतकात मात्र हेच गाव हंगेरीच्या राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर होतं, कारण त्याच्या पोटात चांदी होती.

१९९३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या गावाची नोंद झाली, ती 'ऐतिहासिक शहर आणि परिसरातली तांत्रिक स्मारकं' अशी जोडीनं. ही जोडी लक्षात ठेवा. इथे येणारे पाहुणे आधी चौकात फोटो काढतात, मग तळ्यावर पोहायला जातात आणि वेळ उरलाच तर खाणीत शिरतात. माझा आग्रह वेगळ्या क्रमाचा आहे. पहिल्यांदा खाण बघा. मग गाव का श्रीमंत झालं ते कळतं, आणि डोंगरात ठिकठिकाणी दिसणारी ती सुंदर तळी मुळात कशासाठी खोदली तेही. तळी शेवटी बघितली की त्यांचं अप्रूप दुप्पट वाटतं.

निघण्याआधी

स्लोवाकिया २००७च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे आणि २००९पासून तिथे युरो चालतो, त्यामुळे शेंगेन व्हिसा काढला की काम झालं. फक्त अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते नीट ठरवा. ज्या देशात तुमचे सगळ्यात जास्त दिवस जाणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. ऑस्ट्रियात पाच रात्री आणि स्लोवाकियात दोन, असा बेत असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तो पोचलाच पाहिजे. उन्हाळ्याच्या हंगामात पंधरा दिवसांवर विसंबू नका, दोन-तीन महिने आधीच लागा. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. युरोपात शिकत किंवा नोकरी करत असाल आणि शेंगेनमधल्याच देशाचा निवास परवाना असेल, तर हा परिच्छेद विसरून जा.

कधी जायचं? मे ते सप्टेंबर सगळ्यात सोयीचं. तळ्यात उतरायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. त्याआधी पाणी आपल्याला सोसवत नाही. मला विचाराल तर सप्टेंबर. गर्दी ओसरलेली असते, हवा चालायला छान असते आणि खाणकामगारांचा 'सालामांडर' उत्सव त्याच महिन्यात असतो. गोष्ट अशी सांगतात, की एका गुराख्याला इथे दोन सरडे दिसले, एकाच्या अंगावर सोन्याची धूळ आणि दुसऱ्याच्या अंगावर चांदीची. त्यांच्या मागावर गेल्यावर धातू सापडला. त्या सरड्याची आठवण म्हणून संध्याकाळी गावातून मिरवणूक निघते. त्या दिवसांत राहायची जागा आयत्या वेळी मिळत नाही, हेही ध्यानात घ्या.

पोचायचं कसं

आपल्याकडून ब्रातिस्लावाला थेट विमान नाही. व्हिएन्ना किंवा बुडापेस्ट गाठायचं. व्हिएन्ना विमानतळावरून ब्रातिस्लावाला तासाभरात बस पोचवते. तिथून पुढे दोन मार्ग.

बस सरळ पडते. थेट गाडी मिळाली नाही तर ज्वोलेन किंवा झियार या गावांत बदलायची. रेल्वेनं जायचं तर ज्वोलेनला किंवा ह्रोन्स्का दुब्रावा नावाच्या लहानशा स्थानकात गाडी बदलावी लागते. तिथून वर श्त्यावनित्सापर्यंत वीसेक किलोमीटरचा एकेरी, वळणावळणांचा रूळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी तो बांधला, १९४९ साली सुरू झाला आणि म्हणून त्याला आजही 'तरुणांचा मार्ग' म्हणतात. वेळ हाताशी असेल तर हाच रस्ता धरा, पण गाड्या मोजक्याच आहेत. 'सीपी' या स्लोवाक वेळापत्रकाच्या ॲपवर बस आणि रेल्वे दोन्ही एकत्र दिसतात. तिथे त्या दिवसाची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. शनिवार-रविवारचं वेळापत्रक निराळं असतं.

स्वतः गाडी चालवणार असाल तर ब्रातिस्लावाहून अडीच तासांचा रस्ता. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. द्रुतगती मार्गाचा कर ऑनलाइन भरायचा असतो, काचेवर काही चिकटवावं लागत नाही. आणि स्लोवाकियात चालकाला दारूची मुभा शून्य आहे. जेवताना घेतलेली एक बिअरसुद्धा गुन्ह्यात बसते.

एक सूचना. रेल्वे स्थानक आणि बसथांबा दोन्ही गावाच्या खालच्या अंगाला आहेत, जुना भाग वर. चढ दमवणारा आहे आणि वरच्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या, त्यामुळे चाकांची मोठी बॅग ओढताना हाल होतात. पाठीवरची सॅक बरी. राहायला जुन्या भागातच जागा बघा, म्हणजे रोज दोनदा चढावं लागणार नाही. दोन रात्री किमान राहा. एका दिवसात उरकायचं हे गाव नाही.

पहिला टप्पा : जमिनीखाली

गावापासून दोनेक किलोमीटरवर, लेवित्सेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाणकामाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. वर जुनी यंत्रं, गाडे, लाकडी मनोरे ठेवलेत, पण खरं बघायचं ते खाली. ठरलेल्या वेळी, गटानं, वाटाड्यासोबतच आत सोडतात. पोचल्यावर पहिल्यांदा फेरीची वेळ विचारून तिकीट काढा, मग बाकीचं बघत बसा. माहिती बहुधा स्लोवाकमध्ये सांगतात. इंग्रजी छापील माहिती आहे का ते खिडकीवरच विचारा. सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात.

आत जाताना हेल्मेट, डगला आणि दिवा देतात. 'ज्दार बोह' हा खाणकामगारांचा रामराम. वाटाड्या म्हणाला तर तुम्हीही म्हणा. बाहेर कितीही ऊन असो, आत दहा-बारा अंशच असतात, तेव्हा डगल्याखाली स्वेटर आणि पायात बंद बूट हवेत. सँडल घालून आलेल्यांची पुढचा दीड तास चिखलात काय अवस्था होते ते बघवत नाही. वाट एक किलोमीटरहून थोडी जास्त आहे, मधे लाकडी पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी उंच माणसाला वाकूनच जावं लागतं. कोंडल्यासारखं वाटण्याचा त्रास असेल तर इथे येऊ नका. गावातच ग्लान्झेनबेर्ग नावाचा छोटा बोगदा आहे, तो जास्त सोपा आहे.

आत गेल्यावर भिंतींकडे नीट बघा. हातोडा-छिन्नीनं फोडलेला बोगदा अरुंद असतो, माणूस जेमतेम मावेल एवढा, आणि भिंतीवर छिन्नीच्या बारीक रेघा एकाखाली एक दिसतात. पुढे बोगदा एकदम रुंद होतो आणि कडा ओबडधोबड होतात, तिथे सुरुंग लावलेला आहे हे न सांगताही कळतं. ८ फेब्रुवारी १६२७ रोजी कास्पार वाइंडल या आल्प्समधल्या तिरोल प्रांतातून आलेल्या माणसानं याच गावाच्या खाणीत दारू ठासून खडक उडवला. खाणीत सुरुंगाची दारू वापरल्याची जगातली ही पहिली नोंद मानली जाते.

आता मुख्य गोष्ट. थांबून कान द्या, कुठेतरी पाणी ठिबकत असतं. खाण जितकी खोल, तितकं पाणी जास्त. माणसं आणि घोडे लावून ते उपसता उपसता अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खाणी बंद पडायची पाळी आली. पाणी उपसायला यंत्रं होती, पण यंत्रं फिरवायला जोरकस नदी हवी आणि हे गाव तर डोंगराच्या माथ्याजवळ. नदीच नाही. मग सामुएल मिकोविनी हा अभियंता आणि माटेय व योझेफ कारोल हे हेल बापलेक यांनी एक उफराटा तोडगा काढला. पावसाचं पाणी चर खणून डोंगरभर अडवायचं, तलावांत साठवायचं आणि तेच पाणी सोडून खाणीतलं पाणी उपसायची चाकं फिरवायची. पाण्यानंच पाणी काढायचं. असे साठाच्या आसपास तलाव बांधले गेले, त्यांना जोडणारे चर शंभर किलोमीटरहून जास्त भरतील. १७४९मध्ये योझेफ कारोल हेलनं पाण्याच्या स्तंभाच्या दाबावर चालणारा पंपही इथे बसवला. पुढे १७८२ ते १८७८ अशी तब्बल ९६ वर्षं खपून सोळा किलोमीटरहून लांब बोगदा खणला आणि खाणीतलं पाणी आपोआप खाली ह्रोन नदीत जायला लागलं. तलाव रिकामटेकडे झाले. आज त्यांतले वीसहून जास्त शाबूत आहेत, त्यांना इथे 'ताय्ख' म्हणतात. उद्या-परवा तुम्ही ज्यात पोहणार, ते हेच.

दुसरा टप्पा : गाव पायी

दुपारनंतर गावात चढा. पवित्र त्रैक्याच्या चौकापासून सुरुवात करा. मधोमध प्लेगच्या साथीची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ, दोन्ही बाजूंना खाणमालकांची घरं. चांदी कुठे गेली ते इथे दिसतं. २०२३च्या मार्चमध्ये या भागात मोठी आग लागली आणि काही जुन्या इमारतींची छपरं गेली, त्यामुळे मधेच कोरं काम दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

थोडं खाली टाउन हॉल आहे. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळावर भरवसा ठेवून बस पकडायला निघू नका: तिथे मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा काटा मिनिटं. शेजारी सेंट कॅथरिनचं चर्च, आणि वरच्या बाजूला जुना किल्ला. हा मुळात चर्च होता. सोळाव्या शतकात तुर्क चालून येतील या धास्तीनं त्याचं छप्पर काढून भिंती जाड केल्या आणि गढी केली. तुर्कांचीच धास्ती म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा किल्लाही १५७१पर्यंत बांधून झाला. पांढराशुभ्र, कोपऱ्यांना गोल बुरूज. 'नवा' म्हणजे तोही साडेचारशे वर्षांचा.

चौकातून नव्या किल्ल्याकडे चढताना वाटेत क्लोपाच्का लागते, १६८१ची बुरुजासारखी इमारत. तिच्यात टांगलेल्या लाकडी फळीवर ठोके देऊन पहाटे खाणकामगारांना उठवत.

दुसऱ्या बाजूच्या चढावर खाण अकादमीच्या इमारती आहेत. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या हुकमानं १७६२ साली ही अकादमी सुरू झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोगशाळेत उभं राहून प्रयोग करायचे, ही तिथली रीत इतकी गाजली की १७९४मध्ये पॅरिसला इकोल पॉलिटेक्निक ही अभियंत्यांची शाळा काढताना तिचा दाखला दिला गेला. पहिल्या महायुद्धानंतर अकादमी हंगेरीतल्या शोप्रोनला हलली. तिच्या बागेतले अवाढव्य सिकोया वृक्ष मात्र इथेच राहिले. त्यांच्या खाली बसून डबा खायला हरकत नाही.

कॅल्व्हरीसाठी, म्हणजे येशूच्या वधस्तंभाकडच्या वाटेची आठवण म्हणून बांधलेल्या टेकडीसाठी, दुसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवा. गावाबाहेरच्या सुळक्यासारख्या टेकडीवर १७४४ ते १७५१ या काळात जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी चर्चं आणि लहान देवळ्यांची रांग बांधली, वर लाल रंगाचं दोन मनोऱ्यांचं चर्च. चौकातून पायी पाऊण तास. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि समोर सगळं गाव उजळलेलं दिसतं. आणि उलट, संध्याकाळी नव्या किल्ल्यावरून कॅल्व्हरी बघावी.

पोटापाण्याचं

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण सावध राहा. 'ब्रिन्झोवे हालुश्की' हा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या गोळ्या आणि वर मेंढीचं खारट चीज. त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरवतात. नुसतं 'बेझ मेसा', मांसाशिवाय, म्हटलंत तरी ते येऊ शकतात, कारण तेवढ्याला कोणी मांस धरत नाही. 'बेझ स्लानिनी' असं स्पष्ट सांगा. 'विप्राझानी सिर' म्हणजे तळलेलं चीज बटाट्याच्या काप्यांसोबत, ते जवळपास सगळीकडे मिळतं. कोबीचं सूप बहुतेकदा सॉसेजचं असतं, लसणाच्या सूपबद्दल विचारून घ्या. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी 'देन्ने मेनू' मागा: सूप आणि एक मुख्य पदार्थ, स्वस्तात. दुपारी दोन वाजल्यावर ते संपलेलं असतं. पिण्यासाठी कोफोला, इथला काळा गोडसर सोडा. आवडेलच असं नाही, पण एकदा घ्या.

तिसरा टप्पा : तळी

सगळ्यात जवळचं क्लिंगर, चौकातून अर्ध्या तासाची चाल. बांधावर बसून बघा: एका बाजूला जंगल थेट पाण्यात उतरतं आणि दुसऱ्या बाजूला गवतानं झाकलेला मातीचा तो सरळ, उतरता बांध. निसर्ग आणि बांधकाम यांतली सीमा शोधावी लागते. संध्याकाळी गावातली पोरं इथेच असतात.

नैऋत्येला चार-पाच किलोमीटरवर श्त्यावनित्स्के बाने हे गाव आहे. विंडशाख्ता आणि रिख्न्यावा ही तळी तिथली. योझेफ कारोल हेलचा धाकटा भाऊ माक्सिमिलियान १७२०मध्ये याच गावात जन्मला; पुढे तो व्हिएन्नाच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि १७६९चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, बघायला नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला. आणखी पुढे पोचुवाद्लो, सगळ्यांत गजबजलेलं, काठाला खानावळी, भाड्याच्या होड्या.

पोहण्याबद्दल दोन गोष्टी. हे तलाव साठवणीचे आहेत, काठापासून दोन पावलांवर तळ एकदम खोल जातो. पोहता येत नसेल तर गुडघ्यापुढे जाऊ नका. आणि रोझग्रुंडमध्ये अजिबात उतरू नका, ते पिण्याच्या पाण्याचं आहे. ते फक्त बघायचं, पण जरूर बघायचं, कारण त्याचा १७४०च्या दशकातला बांध इतका उभा आहे की मातीचा यावर विश्वास बसत नाही.

सित्नो

पोचुवाद्लोपर्यंत गेलात तर सित्नो सोडू नका. या रांगेतलं सर्वांत उंच शिखर, १,००९ मीटर. हा सगळा मुलूख एका विझलेल्या ज्वालामुखीचा आहे. सह्याद्रीत गड चढलेल्यांना वरचे काळपट कातळ ओळखीचे वाटतील. तळ्यापासून चढ सव्वातीनशे मीटरचा, सवय असेल तर तासाभरात, नसेल तर दीड तास. आधी बीच नावाच्या झाडांचं जंगल, मग खडकांतून वाट. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि १७२७ साली बांधलेलं निरीक्षणगृह आहे. डोंगराच्या पोटात शूर शिपाई झोपलेत आणि देशावर संकट आलं की ते उठतील, असं इथले लोक सांगतात.

वाटा झाडांवरच्या रंगीत पट्ट्यांनी दाखवलेल्या असतात: दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा. एक रंग धरला की तोच सोडायचा नाही. मापी नावाचं चेक नकाशांचं ॲप आधी उतरवून घ्या, जंगलात रेंज जाते. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी चढा. गवतातून चाललात तर संध्याकाळी अंगावर, विशेषतः गुडघ्यामागे आणि काखेत, गोचीड आहे का ते तपासा. त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो, थट्टेवारी नेण्यासारखं ते प्रकरण नाही. मध्य स्लोवाकियाच्या जंगलांत तपकिरी अस्वलं आहेत. बोलत चाला, पहाटे-संध्याकाळी एकटे शिरू नका, दिसलंच तर पळू नका, सावकाश मागे सरा. डोंगरातल्या बचाव पथकाचा क्रमांक १८३००, बाकी कशासाठीही ११२.

आणखी एक दिवस असेल तर

स्वाती आन्तोन गावातला कोहारी घराण्याचा वाडा पाच किलोमीटरवर आहे. वर्षाच्या हिशेबानं बांधलाय: चार दरवाजे, बारा धुराडी, बावन्न खोल्या, तीनशे पासष्ट खिडक्या. आत शिकारीचं संग्रहालय आहे, भिंतीभर शिंगं. ज्यांना ते बघवत नाही त्यांनी बागेत फिरावं. विह्न्येजवळ 'दगडांचा समुद्र' आहे, डोंगर-उतारावर पसरलेले मोठाले धोंडे. पाय दुखत असतील तर स्क्लेने तेप्लित्सेला जा, तिथे खडकातल्या गुहेत नैसर्गिक गरम पाण्याचं कुंड आहे. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आत जाण्याआधी विचारून घ्यावं.

या तिन्ही ठिकाणी बस जाते, पण फेऱ्या कमी. सकाळी उतरल्याबरोबर परतीच्या बसची वेळ थांब्यावरच्या फलकावरून मोबाइलमध्ये टिपून घ्या. फलकावर वेळेपुढे दोन आडवे हातोडे काढलेले असतील, तर ती बस फक्त कामाच्या दिवशी धावते.